गुलाबकाका आणि मुरमाचा चढ

गुलाबकाका कुठल्याही गाडीला मागून भेटत. समोर कितीही चकचकीत गाडी उभी असो, तिचं नाक, दिवे, आतल्या सीट यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. पायजमा सावरत सरळ मागे जायचे, उकिडवं बसून दोन चाकांच्या मधल्या अंधारात डोकवायचे, मग उठून दोन्ही तळहातांनी डिकी खाली दाबायचे आणि सोडून द्यायचे. गाडी खाली-वर झुलायची, काकांची मान तिच्याबरोबर हलायची, आणि झुलणं थांबलं की निकाल लागायचा. माझ्या बाबांनी नवी गाडी आणली तेव्हा आई ओवाळायला ताट घेऊन पुढे उभी होती आणि काका मागे डिकी दाबत होते.

बाबा म्हणाले, "भाऊ, पेढा त घ्या पह्यले."

"घेतो. पन ही उडनार हाये. खड्ड्यात लय उडनार. कंबर सांभाळजा."

बाबांचा चेहरा उतरला. काकांनी पेढे मात्र दोन घेतले.

लग्नाच्या वरातीतली फुलं लावलेली गाडी, पाहुण्यांची गाडी, कुणाचीही गाडी या तपासणीतून सुटली नाही. एकदा तर त्यांनी सरकारी दवाखान्यासमोर उभी असलेली रुग्णवाहिका दाबून पाहिली. आत झोपलेला ड्रायव्हर दचकून उठला आणि पेशंट कुठे आहे म्हणून विचारू लागला. काका गाडीकडे बोट दाखवत म्हणाले, "पेशंट हेच हाये. तुह्या गाडीच्या कमानी बसल्या."

ही सवय बैलांपासूनची होती. तरुणपणी जऊळक्याला असताना काका शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, नादिष्ट होते. स्वतः छकडा हाकायचे. तेव्हा बैल विकत घेतानाही ते मागून बघत. "तोंडात नुसता फेस राह्यते," ते मला सांगत, "जोर मागच्या पायात राह्यते. ज्याचा मागचा पाय जमीन सोडत नाई, थो बैल पट मारते." पुढे मुलांच्या शाळेसाठी ते वाशिमजवळच्या मालेगावला आमच्या शेजारी राहायला आले, बैल विकले गेले, मुलं शिकून पुण्याला गेली. नजर तेवढी मागच्या पायांवर राहिली.

मी इंग्रजी शाळेत शिकले आणि घराबाहेर फारसं बोलत नसे, म्हणून काका मला मॅडम म्हणत. "आमच्या मॅडम बोलत नाईत," ते पाहुण्यांना ओळख करून देत, "पन ऐकतेत मात्र इंग्रजीतून." पाहुणे हसत, मी पाण्याचे ग्लास उचलून आत जाई. मला राग येत नसे. इतरांना माझं गप्प राहणं खटकायचं; काकांना ते सोयीचं होतं, कारण बोलायला त्यांना दोन माणसांची जागा लागे.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे कॉन्टेसा. अकोल्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून त्यांनी ती जुनी म्हणूनच घेतली होती. लांब नाक, रुंद छाती, आणि इंजिन सुरू झालं की आमच्या मांडणीवरचे पेले वाजायचे. रंग त्यांनी मालेगावातच मारून घेतला, भरताच्या वांग्याचा. विमलकाकू तिला म्हैस म्हणत. "तुमची म्हैस अंगनात तेल सांडून राह्यली," त्या स्वयंपाकघरातून सांगत, आणि काका फडकं घेऊन निमूट बाहेर येत.

ही गाडी घेण्यामागे कारण होतं, आणि ते काकू होत्या. काकांचं वावर, म्हणजे शेत, जऊळक्याच्या बाजूला आहे. काकूंनी तिथे उभं आयुष्य काढलेलं. कुठल्या सरीत पाणी साचतं, कुठल्या बांधावर साप निघतो, सगळं त्यांना पाठ. मालेगावला आल्यावर गुडघे गेले. मोटारसायकलवर बसता येईना. ऑटो डांबरी रस्त्यावर सोडायचा, आणि तिथून वावरापर्यंत उभा मुरमाचा चढ. तो चढ गाडीने पार केला तरच काकूंना आपलं वावर दिसणार होतं. नाहीतर रोज संध्याकाळी काका वावरातून परत आले की ओसरीवर हा संवाद व्हायचा:

"तूर कशी हाये?"

"चांगली हाये."

"फूल किती आलं?"

"आलं हाये."

"तुमाले इचारलं काय आन भिताडाले इचारलं काय."

पहिल्यांदा कॉन्टेसा वावराकडे निघाली तेव्हा मीही होते. थंडीचे दिवस, तुरीच्या शेंगा भरलेल्या. काकू ठेवणीतली साडी नेसून मागच्या सीटवर पाहुण्यासारख्या बसल्या होत्या, मांडीवर डबा. मी पुढे. चढ आला. काकांनी आरशातून एकदा मागे पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, आणि पाय दाबला. इंजिन ओरडलं. मागची चाकं जागच्या जागी फिरली, मुरूम सटासट उडाला, आणि आम्ही वर जायच्या ऐवजी हळूहळू मागे, मग तिरपे, आणि शेवटी कडेच्या नालीत जाऊन टेकलो. तुरीत काम करणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, बैल लावता काय पुढं?"

एकेकाळी पट मारणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. बाया हसल्या. काका गाडीभोवती फिरत राहिले. काकू उतरल्या, डबा माझ्या हातात दिला आणि चढ चालू लागल्या. मध्ये एका दगडावर बराच वेळ बसल्या, पुन्हा उठल्या. संध्याकाळी ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली, तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "या म्हशीत मी पुन्हा बसनार नाई." त्यानंतर त्यांनी वावराचं नाव काढणं सोडलं. ओसरीवरचा संवादही बंद झाला. काका आल्या आल्या आपणहून सांगू लागले, "तूर चांगली हाये," पण विचारलंच कुणी नसल्यामुळे ते वाक्य तसंच अंगणात पडून राहायचं.

सगळ्यांनी सल्ला दिला की एक जीप घ्या. बाबांनी दिला, काकांच्या मुलांनी फोनवर दिला. काकांनी कुणाचंही ऐकलं नाही. "गाडी बदलली त गाडी हारली," ते म्हणाले. "हारली गाडी नाई, मी हारलो असं होते." आणि त्यांनी चाकांना जमीन पकडायला लावायचं मनावर घेतलं.

पहिला उपाय सोपा होता. चाकं फिरतात कारण मागे वजन नाही, म्हणून डिकीत सोयाबीनचे कट्टे, म्हणजे पोती, भरले. गाडीचं बूड खाली बसलं, नाक वर आलं, आणि तिचे दिवे रस्ता सोडून कडुलिंबाचे शेंडे शोधू लागले. ती चढली खरी. पण परत येताना मालेगावच्या बसस्टँडसमोर डिकीचं कुलूप निसटलं आणि एक कट्टा भर चौकात फुटला. काकांना ते कळलंच नाही. त्यांच्या मागे बकऱ्यांची रांग लागली होती, आणि लोक हाका मारत होते त्या आपल्या गाडीच्या कौतुकाच्या आहेत असं समजून काका हात हलवत घरी आले.

कट्टे बंद झाले आणि दुसरा उपाय अन्वरभाईंच्या दुकानात झाला. अन्वरभाईंचं कमानींचं दुकान वाशिम रोडवर आहे. कमान म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला वजन पेलणारा, एकावर एक लोखंडी पट्ट्यांचा तो वाकलेला गठ्ठा. त्यांच्याकडे ट्रक येतात, ट्रॉल्या येतात, जास्त माल भरून कंबर मोडलेल्या जीपा येतात. आमच्या भागात कमानीला एकच आजार होतो, ती बसते. आणि त्याला एकच औषध आहे, आणखी एक पट्टा. अन्वरभाईंनी आयुष्यभर हेच औषध दिलं आणि ते लागू पडत आलं. त्यामुळे काकांनी तोंड उघडायच्या आत त्यांनी निदान केलं.

"पट्टा डाल देता हूँ ना गुलाबभाऊ. टेन्शन कायले घेता?"

"एकानं होईन काय?"

"तुमी म्हना त दोन."

"दोन कायले? तीन टाक. इज्जतीचा सवाल हाये."

"मग तीन. इज्जत के लिए तीनच लगते."

दोघंही इतक्या खात्रीने बोलत होते की मला वाटलं, असंच असणार. तीन पट्टे चढवून कॉन्टेसा घरी आली तेव्हा तिचं बूड हवेत आणि तोंड जमिनीकडे होतं, हौदावर पाणी प्यायला वाकलेल्या बैलासारखं. काकू दारात आल्या, त्यांनी गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि आत जाताना विचारलं, "तिले काही हरपलं काय? खाली पाहून राह्यली."

चढावर तर वेगळाच तमाशा झाला. आता चाकं नुसती फिरेनात, उड्या मारू लागली. टप टप टप टप, जागच्या जागी, आणि प्रत्येक उडीला काकांची टोपी टपाला लागत होती. शेवटी त्यांनी जीभ चावली. दोन दिवस ते कमी बोलले. गल्लीला चुकल्यासारखं झालं.

जीभ बरी झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. त्यांच्या मोबाईलवर एक दाढीवाला अमेरिकन माणूस लांब नाकाच्या जुन्या गाडीखाली आडवा पडून काहीतरी सांगत होता.

"मॅडम, हा गोरा काय म्हनून राह्यला ते सांगा. मी याले चार दिवसांपासून पाहून राह्यलो. मानूस कामाचा दिसते, पन भाषा बेकार हाये."

ओसरीवर बसून मी ऐकायचे आणि सांगायचे. पंचाईत अशी की मला शब्द इंग्रजीत समजत होते आणि ते मराठीत कसे म्हणायचे हे माहीत नव्हतं. मी हातांनी दाखवायचे. जोर एकदम आला की चाकांमधला आडवा लोखंडी दांडा, म्हणजे आस, स्वतःभोवती फिरू बघतो; त्याच्याबरोबर कमानीही अशी—

"पिरगळते," काका म्हणाले.

हो, पिरगळते. आणि मग एकदम सुटते, पुन्हा पिरगळते—

"बैल दचकला की पाय झाडते, तसं."

तसंच. आणि कमान फार कडक असली तर चाक खडबडीत जमिनीवर टेकतच नाही, उसळतं. कमान नरम पाहिजे, आणि तिला पिरगळू न देणारा एक दांडा आसापासून पुढे चासीपर्यंत, गाडीच्या सांगाड्यापर्यंत, बसवला पाहिजे. शिवाय झुलणं आवरायला चांगले शॉकॲब्झॉर्बर. मी हे सगळं एका दमात बोलले. मी इतकी सलग वाक्यं घराबाहेर पहिल्यांदाच बोलत असेन. काकांनी मोबाईल खाली ठेवला.

"म्हनजे आपुन उलटं केलं," ते म्हणाले. "आपल्याइकडं सारं वझ्यासाठी राह्यते. रिकाम्या गाडीनं जमीन कशी धरावं, हे कोनी इचारलंच नाई."

"हो."

"आन तुमी एवढं बोलता मॅडम? मंग इतके दिवस बकऱ्यायसारखं मागं मागं काहून फिरत होत्या?"

मी उठून जायला निघाले. त्यांनी हाताने बसवलं आणि काकूंना हाक मारून चहा सांगितला, बिस्किटांसकट. त्यांच्या घरी ती माफी असायची.

अन्वरभाईंनी आपलेच तीन पट्टे मोठ्या दुःखाने उतरवले. जुन्या कमानींचा बाक नव्याने काढला, पट्ट्यांच्या टोकांना रबरी तुकडे बसवले आणि जाड पाइपचे दोन दांडे घडवले. ट्रॉलीला असलं काही लागत नाही, त्यामुळे दांड्याचं पुढचं टोक कुठे बांधायचं यावर दोघांचं दिवसभर भांडण झालं. अन्वरभाई म्हणाले, "मेरे को वो गोरे से बात कराओ." काका म्हणाले, "मॅडमले इचार, थ्या त्याच्या वकील हायेत." शॉकॲब्झॉर्बर पुण्याहून मागवायचे होते. दुकानदार फोनवर इंग्रजीतच बोलायला लागला, म्हणून तो फोन माझ्या हातात आला. मी बोलत होते तोवर काका समोर बसून, कुणी गाणं म्हणावं आणि आपण ताल धरावा तशी मान डोलवत होते.

मग चाचणी. इथे काकांची अडचण झाली. चाकं काय करतात हे त्यांना मागून बघायचं होतं, आणि गाडी चालवत मागून बघता येत नाही. त्यामुळे स्टिअरिंगवर मला बसवलं गेलं. मी गाडी चालवायला शिकले ती अशी, त्या चढावर, मागून ओरडणाऱ्या माणसाच्या सूचनांवर. "दाब! नको दाबू! अवो, मी गाडीले म्हनून राह्यलो, तुले नाई." घाबरत घाबरत, पाय जेमतेम टेकवून मी चढ चढले. चाकांनी खडासुद्धा उडवला नाही. काका मागून धावत वर आले, घामाघूम, आणि गाडीला सोडून माझ्याच पाठीवर थाप मारली.

पण त्याच दुपारी ते स्वतः बसले, आरशातून रिकाम्या मागच्या सीटकडे पाहून पाय दाबला, तेव्हा चाकं पुन्हा थोडी फिरली. चढली, पण मुरूम उडवतच. घरी आल्यावर मी काही बोलले नाही. तरी ओसरीवर तांदूळ निवडणाऱ्या काकूंपर्यंत बातमी कशी कोण जाणे पोचलीच.

"पोरीच्यानं चढते," त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्यानं काहून नाई चढत?"

"तिचं वजन कमी हाये."

"कमी वजनानं चढत नाई म्हनून त कट्टे भरले होते."

 काका माझ्याकडे वळून, काकूंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मॅडम, उद्या वावरात जाऊन राह्यलो आपुन. गाडीत जागा हाये. कोनाले यायचं असंन त यावं."

काकू म्हणाल्या, "मले नाई बसायचं."

काका बाहेर गेले. मी उठणार तेवढ्यात काकूंनी सूप बाजूला ठेवलं. त्या माझ्याशी असं कधी बोलल्या नव्हत्या. "मी भेली नाई व त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "नालीत पडलो त पडलो. पन त्या बाया तुह्या काकायले हासल्या. माह्याच्यानं हासल्या. मी मागं बसली की हे आरशात पाह्यतेत, मी पाह्यते काय म्हनून, आन मंग जोर करतेत. पटात बी असंच करत. मी नसली त एवढा जोर करत नाईत. माह्यासाठी त्यायचं पुन्हा हासू काहून करू?"

 मी विचारलं, "मग तुम्ही पुढे बसल्या तर?"

 काकूंनी सूप पुन्हा हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मागचं दार उघडून ठेवलं होतं, कुणासाठी नाही असं दाखवत. काकू आल्या, मागच्या दारावरून पुढे गेल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. काका गडबडले.

"अवो, तिथी नको. पुढं वजन गेलं त मागच्या चाकाले—"

"मंग इतके दिवस काय केलं तुमी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे बसले. चढापाशी आलो तेव्हा त्यांची मान सवयीने आरशाकडे गेली. आरशात मी होते. मला बघून त्यांना जोर करावासा वाटण्याचं काही कारण नव्हतं. काकू शेजारी बसून म्हणाल्या, "हलू हलू." गाडी एका चालीत वर गेली, दळण घेऊन जाणाऱ्या म्हातारीसारखी, न थांबता, न धापा टाकता.  काकू उतरून सरळ तुरीत शिरल्या आणि थोड्याच वेळात तिकडून आवाज यायला लागला, की हे तण कोणी ठेवलं, पाण्याची नाली कोणी वळवली, आणि या माणसाला "चांगली हाये" याशिवाय दुसरं काही दिसतं की नाही. काका बोनेटला टेकून ते सगळं ऐकत होते. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर काही वर्षं दर हंगामात ते दोघं असे जात राहिले, काकू पुढे, काका बडबडत. मग काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. पुण्याहून मुलं आली. तेरवी झाल्यावर गाडीचं काय करायचं हा विषय निघाला आणि मुलांनी ती विकायचं ठरवलं. आईला चांगली, सोयीची गाडी घेऊन देऊ, ड्रायव्हर ठेवू, असं म्हणाले. काकू ऐकत होत्या. सगळे गेल्यावर त्या आमच्या दारात आल्या आणि किल्ली माझ्यासमोर धरली.

"तुले चालवता येते नं?"

मी होकारार्थी मान हलवली.

चढावर मला भीती वाटली. काकू शेजारी होत्या; मी पाय जेमतेम टेकवला. चढ संपला, मी गाडी बांधाला लावली. बाया तुरीतून वर बघत होत्या. त्यातली एक जवळ आली, काकूंना उतरायला हात दिला आणि म्हणाली, "काकू, गाडी इकून राह्यले म्हने तुमी?"

काकूंनी साडीचा पदर खोचला.

"इकाले काय झालं?" त्या म्हणाल्या. "आता कुठी थे नीट चालाले लागली."